नव्वदीचा चहा आणि साच्यातली किटली: कोल्हापुरातल्या एका ऑनलाइन खरेदीचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोन्ही मुख्य पात्रांना त्यांच्या नात्यानेच संबोधतो: भाचा आणि मामा. विक्रेत्यांची आणि संकेतस्थळांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

भाचा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, तपासणी विभाग सांभाळतो. ओतीव भागाची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ, सरकली आहे का, आत पोकळी राहिली आहे का, हे बघून माल पास किंवा नापास करायचा, हे त्याचं रोजचं काम. मालकांबरोबर तो चीनमधल्या ग्वांगझूच्या कॅन्टन फेअर या व्यापारी मेळ्याला गेला होता. तिथे यंत्रं विकणाऱ्या एका पुरवठादाराच्या ऑफिसात बोलणी लांबत गेली, तशी छोट्याशा तांबूस किटलीतून जुन्या पु-एर चहाची एकामागून एक वाटी येत राहिली. तेव्हापासून हा नाद लागला. परत आल्यावर त्याने पिकवलेल्या पु-एरच्या छोट्या गोळ्या मागवल्या आणि तो चहा घरी रोज होऊ लागला.

मामा मार्केट यार्डातले गुळाचे जुने अडते. डॉक्टरांनी दूध आणि साखर बंद केल्यावर कोरा चहा त्यांच्या वाट्याला आला आणि तो त्यांना अजिबात आवडत नव्हता. भाच्याने पेढीवर एकदा पु-एर करून दिला. मामा म्हणाले, "ह्याला निदान चव तरी हाय. नुसतं रंगाचं पाणी न्हाई." तेवढ्यावर भाच्याने ठरवून टाकलं की मार्गशीर्षातल्या एकसष्ठीला मामांना खरोखरचा जुना चहा आणि चीनमधल्या यिशिंगची मातीची किटली द्यायची. बजेट होतं पंधरा हजारांच्या आसपास.

चहाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. पु-एर चीनच्या युनान प्रांतातला. 2008 च्या चिनी मानकानुसार युनानमधल्या मोठ्या पानाच्या चहापासून तिथेच केलेल्या मालालाच हे नाव लावता येतं. त्याचे दोन प्रकार. शंग म्हणजे कच्चा: दाबून चकती करून ठेवतात आणि तो वर्षानुवर्षं आपोआप मुरत जातो. शोऊ म्हणजे पिकवलेला: पानांचा ढीग ओला करून झाकून ठेवतात आणि दीड-दोन महिन्यांत त्याला जुन्यासारखा रंग आणि चव आणतात. ही दुसरी पद्धत 1973 च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली, ती मुळात जुन्या चहाची मागणी लवकर भागवण्यासाठीच. म्हणजे काळपट, मऊ, मातकट चव असलेला चहा तीस वर्षांचा असू शकतो, तसा गेल्या वर्षीचाही असू शकतो. नवख्या जिभेला फरक कळेलच असं नाही.

अडचण

एका आंतरराष्ट्रीय बाजारपेठेच्या संकेतस्थळावर भाच्याला एक जोडी दिसली. पहिली वस्तू "7542, नव्वदीचं दशक, कोरडी साठवण, 357 ग्रॅम", किंमत साडेसहा हजार रुपयांच्या आत. दुसरी "जुन्या खाणीच्या तांबड्या झुनी मातीची, पूर्ण हाताने घडवलेली, 120 मिलिलिटरची किटली, कारागिराच्या प्रमाणपत्रासह", साधारण पाच हजार. दोन्ही एकदम घेतल्यास सवलत, आणि सवलत त्याच रात्री बारापर्यंत.

7542 हा आकडा बघून भाच्याला वाटलं की चहा 1975 चा असावा आणि विक्रेता उलट कमी करून सांगतोय. हा गैरसमज पुष्कळांचा होतो. या चार अंकांत पहिले दोन मिश्रणाची कृती कधीची ते सांगतात, तिसरा पानाची प्रत आणि चौथा कारखाना. 2 म्हणजे मेंगहाय, 1 म्हणजे कुनमिंग, 3 म्हणजे शियाग्वान. तेव्हा 75 ही कृतीची खूण झाली. त्याच कृतीने काल दाबलेल्या चकतीवरही 7542 च छापतात.

आणखी एक गोष्ट फोटोतच होती. वेष्टनाच्या मागच्या बाजूला क्यूएस हे निळं चिन्ह. चीनमध्ये अन्नपदार्थांच्या परवान्याची ही खूण 2000 नंतर आली. नव्वदीच्या वेष्टनावर ती असायचं कारणच नाही. भाच्याने हा फोटो मोठा करून पाहिला तो नंतर, चहा चाखून झाल्यावर. किंमत तर पहिल्यापासून डोळ्यांसमोर होती. नव्वदीच्या दशकातल्या खऱ्या 7542 चकत्यांचे व्यवहार हजारांत होत नाहीत, लाखांत होतात. साडेसहा हजाराला ती विकणारा माणूस एकतर अजाण असणार किंवा फार जाणता. चहाच्या धंद्यात अजाण माणसं थोडी.

समोरचे पर्याय

त्या रात्री त्याच्यापुढे चार वाटा होत्या.

जोडी घेऊन टाकायची, म्हणजे एकसष्ठीची चिंता मिटली. ही सगळ्यात सोपी वाट.

विक्रेत्याने स्वतंत्र निरोप पाठवून दुसरी वाट सुचवली होती: संकेतस्थळाबाहेर थेट पैसे पाठवा, आणखी पंधरा टक्के कमी करतो. भाच्याने हे लगेच नाकारलं आणि या प्रकरणातला त्याचा सर्वांत चांगला निर्णय तोच. पैसे बाहेरून गेले असते तर पुढची तक्रार करायला जागाच उरली नसती.

तिसरी वाट मुंबईतल्या एखाद्या विक्रेत्याची. कस्टमची कटकट नाही आणि माल हातात घेऊन बघता येतो. पण जुना शंग तिथे त्याला मिळाला नाही. जे होतं त्यातला बहुतेक नवा शोऊ होता आणि दर दुप्पट.

चौथी वाट नमुन्यांची. पूर्ण चकती न घेता तीन वेगळ्या विक्रेत्यांकडून 25 ग्रॅमचे नमुने मागवायचे आणि चाखून मग ठरवायचं. यात वेळ जातो. डिसेंबर 2019 पासून परदेशातून भेट म्हणून करमुक्त पार्सल येण्याची सोय बंद आहे. म्हणजे प्रत्येक पाकीट मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात अडकण्याची शक्यता आणि प्रत्येकावर शुल्क. 2020 साली काही चिनी खरेदी ॲप भारतात बंद झाल्यापासून निवडही कमी झालेली.

मामांना त्याने फोन केला, तेव्हा भेटीचं गुपित न फोडता नुसतं विचारलं की जुना माल न बघता घ्यावा का. मामांचं उत्तर त्यांच्या धंद्यातलंच होतं. "अरे, गुळाच्या रव्याला सुरी लावल्याबिगर, बोटानं चाखल्याबिगर पेठेत बोली लागत न्हाई. तू फोटोला बोली लावतोस व्हय?"

पहिला निर्णय: अर्धा बरोबर, अर्धा घाईचा

भाच्याने मधला मार्ग काढला. चहाची पूर्ण चकती घेतली नाही. त्याच विक्रेत्याकडून 25 ग्रॅमचा नमुना मागवला आणि शिवाय दोन इतर विक्रेत्यांकडून एकेक. पण किटली मात्र सवलतीतच घेतली. त्याचा हिशोब असा होता की चहाचा नमुना मिळतो, किटलीचा मिळत नाही. मग थांबून काय होणार?

हा हिशोब वरवर पटतो, पण पुरा नाही. किटलीचा नमुना मिळत नसला तरी किटलीच्या आतला फोटो मागता येतो, पाणी ओततानाचा व्हिडिओ मागता येतो आणि काटोकाठ भरून किती मिलिलिटर मावतं ते वजन करून दाखवायला सांगता येतं. प्रामाणिक विक्रेते हे करतात. जो करत नाही त्याच्याबद्दल तेवढ्यातच कळतं. फाउंड्रीत येणारा प्रत्येक माल आतून दिवा लावून बघणाऱ्या माणसाने किटलीचा फक्त बाहेरचा फोटो पाहून पैसे भरले, याचं मला आजही नवल वाटतं. एकसष्ठीची तारीख डोक्यात नसती तर त्याने ते केलं नसतं.

किटली आली

पार्सल अनंत चतुर्दशीनंतर पोस्टमनने आणून दिलं आणि शुल्क वसूल केलं. किटली दिसायला देखणी होती. एकसारखा लालभडक रंग, चकचकीत अंग, तळाला शिक्का, सोबत लाल पुठ्ठ्यातलं प्रमाणपत्र. झाकण उघडल्यावर मात्र वास आला, बूट पॉलिशसारखा.

भाचा ती घेऊन बापट कॅम्पातल्या ओळखीच्या मूर्तिकाराकडे गेला. गणपतीचा हंगाम उरकलेला, माणूस निवांत होता. त्याने किटली उजेडात धरली, आत बोट फिरवलं आणि चोचीच्या मुळाशी थांबला. बाहेरून चोच जिथे फुगीर होत जाते, तिथे आतल्या बाजूला तसाच खोलगट खळगा होता. अंगाची जाडी सगळीकडे सारखी. मूर्तिकार म्हणाला, "ही पातळ माती साच्यात ओतून, जादाची पलटी करून काढलीया. आमचं पीओपीचं हात आन् सोंड अशीच निघत्यात."

इथे जरा थांबायला हवं, कारण "साच्यातली म्हणजे खोटी" असा सरळ निष्कर्ष चुकीचा ठरला असता. यिशिंगच्या किटल्या जिआंग्सू प्रांतातल्या डिंगशू गावात होतात. पारंपरिक पद्धतीत चाक वापरत नाहीत. माती थापून पट्टी करतात, ती गोल जोडतात आणि लाकडी फळीने ठोकून ठोकून अंगाला आकार देतात. त्याबरोबर अर्ध-हस्तनिर्मित प्रकारही तिथे सर्रास चालतो. पट्टी साच्यात दाबून अंग बनवायचं, मग चोच, कान, झाकण हाताने जोडायचं. रोज चहा पिणाऱ्यांच्या बऱ्याचशा चांगल्या किटल्या अशाच असतात आणि त्यात फसवणूक नाही. फरक दिसतो तो आतल्या अंगाला. दाबून केलेल्या किटलीत पट्टीच्या जोडाची रेघ, बोटांनी आणि पात्यांनी पुसल्याच्या खुणा, चोच चिकटवल्याची जागा, यांतलं काहीतरी सापडतं. ओतून केलेल्या किटलीचं आतलं अंग गुळगुळीत आणि निर्विकार असतं. माती ओतण्याजोगी पातळ करायला तिच्यात सोडियम सिलिकेट मिसळतात. भाच्याला हे रसायन नवं नव्हतं. फाउंड्रीत वाळूचे साचे आणि त्यांच्या आत बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, घट्ट करायला तेच लागतं.

ओतीव असणं हा दोष नाही. पण पाच हजार रुपये घेतले होते ते "पूर्ण हाताने घडवलेली" या शब्दांचे.

रंगाचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर. खरी झुनी माती भाजताना खूप आकसते. म्हणून तिच्या किटल्या बहुधा लहान असतात, अंगावर बारीक सुरकुत्या दिसतात आणि रंगात किंचित चढउतार असतो. इथे रंग एकदम सपाट होता. 2010 मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाहिनीने यिशिंगच्या काही उत्पादकांचं पितळ उघडं पाडलं होतं. साध्या मातीत लोह, मँगनीज, क्रोमियम यांची संयुगं मिसळून हव्या त्या रंगाची "खाणीची" माती तयार केली जात होती. जिथून अस्सल माती निघायची त्या हुआंगलोंगशान डोंगरातलं खोदकाम 2005 च्या सुमारास थांबलं होतं आणि "जुनी माती" या दोन शब्दांना सोन्याचा भाव आला होता.

हे मामांना सांगितल्यावर त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी पेठेत पिवळाधमक गूळ आधी उचलला जातो आणि तो पिवळा करायला गुऱ्हाळात हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात. काळसर गूळ प्रामाणिक असून मागे राहतो. "गिऱ्हाईक डोळ्यानं खातंय, मग इकणारा डोळ्याला रंग देतोय," मामा म्हणाले.

चहाची चाचणी

तिन्ही नमुने आल्यावर चाखणं पेढीवरच झालं, दुपारी सौदे उरकल्यावर. मी तिथे होतो. भाच्याने यावेळी नीट तयारी केली होती. मातीची किटली वापरायची नाही. सच्छिद्र माती आधीचा वास धरून ठेवते आणि प्रत्येक नमुन्याला आपली चव देते. त्याऐवजी चिनी मातीची पांढरी गायवान, म्हणजे झाकणाची वाटी, जी स्वतःचं काही घालत नाही. प्रत्येकाचे 5 ग्रॅम, पाणी 100 मिलिलिटर, उकळीच्या जवळ. पहिलं पाणी लगेच टाकून द्यायचं, मग दहा-दहा सेकंदांचे काढे. पहिल्यांदा पेढीवरचं बोअरचं पाणी घेतलं तर सगळेच चहा सारखे बोथट लागले. नळाचं पाणी आणून पुन्हा सुरुवात केली.

वाट्यांना खालून खडूने खुणा मामींनी केल्या, म्हणजे कोणता कुठला हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. तीन नमुने होतेच. भाच्याने चौथा गुपचूप घुसवला होता: घरात असलेला दोन वर्षांचा साधा शोऊ, नगाला काही रुपयांचा. ही कल्पना उत्तम होती. नुसता महागडा नमुना चाखला तर जीभ किमतीच्या मागे जाते. ओळखीची स्वस्त वस्तू शेजारी असली की पाय जमिनीवर राहतात.

मामांनी चारही चाखले. गुळाची काकवी बोटावर घेऊन पाक कितपत आला ते सांगणारा माणूस. त्यांना चहाच्या जातीपाती ठाऊक नव्हत्या आणि तेच बरं झालं. दोन वाट्या त्यांनी एकत्र सरकवल्या. "ही दोन एकाच गुऱ्हाळातली." तिसरी लांब ठेवली, "ह्येला आधी तुरटी हाय, मग घशात गोड येतंय, हे येगळं." चौथीला सुपारीसारखा, ओल्या लाकडासारखा वास आहे म्हणाले.

मामींनी खुणा वाचल्या. एकत्र सरकवलेल्या दोन वाट्यांत एक होती "नव्वदीचा 7542" आणि दुसरी घरचा दोन वर्षांचा शोऊ. तिसरी ग्वांगडोंगमध्ये साठवलेला 2008 चा शंग. सुपारीचा वास चीनच्याच ग्वांगशी प्रदेशातल्या वूझूच्या लिऊ बाओ चहाचा. सुपारीचा गंध ही त्या चहाची नावाजलेली खूणच आहे. मामांनी ती न सांगता पकडली, म्हणून भाचा मामींकडे बघून हसला.

7542 ही कच्च्या चहाची कृती. ती शोऊसारखी लागायला नको. चोथा पांढऱ्या ताटलीत पसरून पाहिला तेव्हा 2008 च्या शंगची पानं उलगडली होती, ओढली तर ताणली जात होती, रंग तपकिरीकडे झुकलेला हिरवट. "नव्वदी"ची पानं काळी, ताठर, चिमटीत चुरा होणारी. एवढ्यावरून तो चहा नक्की शोऊच होता असं छातीठोक म्हणता येत नाही. दमट गोदामात वर्षानुवर्षं पडलेला जुना शंगही काळा आणि मऊ होतो आणि हाँगकाँगमधला पुष्कळ जुना माल तसाच मुरलेला आहे. पण विक्रेत्याने "कोरडी साठवण" लिहिलं होतं. म्हणजे एकतर चहाचा प्रकार खोटा किंवा साठवण खोटी. साल खरं की खोटं, हे ठरवायची गरजच उरली नाही. त्याच संध्याकाळी भाच्याने फोटोतलं क्यूएस चिन्ह शोधून काढलं.

पूर्ण चकती मागवली नाही.

तक्रार

किटलीचं काय करायचं, हा दुसरा निर्णय. परत पाठवावी तर चीनपर्यंतचं टपाल जवळपास किटलीएवढंच महाग. बँकेत कार्डावरचा व्यवहार वादात टाकता आला असता, पण त्याला महिने लागले असते आणि "हाताने घडवलेली नाही" हे बँकेला कोण पटवणार?

भाच्याने आधी संकेतस्थळावर तक्रार केली ती घडणीबद्दल. आतले फोटो, मूर्तिकाराचं म्हणणं, सगळं लिहिलं. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: प्रत्येक हस्तनिर्मित किटली वेगळी असते, वीस टक्के परत देतो. कापडाला लागणारा पॉलिश, वास, प्रमाणपत्र, या सगळ्यावर तेच उत्तर.

मग त्याला आपलं काम आठवलं. किटली फाउंड्रीतल्या काट्यावर ठेवून शून्य केलं आणि काटोकाठ पाणी भरलं. पाण्याच्या एका ग्रॅमला एक मिलिलिटर. वर्णनात 120 होतं, भरलं 88. काट्याचा आकडा दिसेल असा फोटो त्याने तक्रारीत जोडला. मतभेदाला जागाच नव्हती. दोन दिवसांत चाळीस टक्के परत आले. आणखी ताणलं असतं तर कदाचित जास्त मिळाले असते, पण मुदत संपत आली होती. तो तिथे थांबला, आणि माझ्या मते योग्य जागी थांबला.

पार्सल उघडताना त्याने व्हिडिओ काढला नव्हता. विक्रेत्याने "किटली बदलली असेल" असा सूर लावला असता तर हे चाळीसही अवघड होते.

राहिला प्रश्न वापराचा. गरम पाण्यात रात्रभर ठेवून पाण्याचा रंग बदलला नाही, पण त्यावरून आत काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेत तपासावी तर खर्च किटलीच्या किमतीपलीकडे. चहासाठी ती वापरायची नाही असं ठरलं. मूर्तिकाराने ती मागून घेतली. चोच साच्यात कशी सोडवतात ते पोरांना दाखवायला त्याला बरी वाटली.

दुसरी खरेदी

दुसऱ्या वेळी भाच्याने विक्रेता निवडला तो त्याच्या दाव्यांवरून. जितका दावा लहान, तितका विश्वास मोठा, असं त्याचं म्हणणं. ही किटली साध्या जांभळट झिनी मातीची होती. अर्ध-हस्तनिर्मित असं स्पष्ट लिहिलेलं, कारागिराचं नाव नाही, खाणीची गोष्ट नाही, प्रमाणपत्रही नाही. किंमत पहिलीपेक्षा कमी. भाच्याने आतला फोटो, पाणी ओतण्याचा व्हिडिओ आणि भरून केलेलं वजन मागितलं. तिन्ही आले. आतल्या फोटोत कानाच्या मागे उभी जोडरेघ स्पष्ट दिसत होती. व्हिडिओत झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबत होती, म्हणजे झाकण नीट बसतं.

ती एकसष्ठीला पोचली नाही. मुंबईत कस्टममध्ये अडकली आणि नंतर आली. कार्यक्रमाच्या दिवशी मामांना मिळाली गायवान आणि 2008 च्या शंगचा उरलेला नमुना. मामांनी सगळ्यांसमोर विचारलं की एवढ्याशा पुडीला काय पडलं. भाच्याने सांगितलं नाही.

किटली आता फक्त कच्च्या पु-एरसाठी ठेवली आहे. पेढीवर दुपारी चालते.

साठवण

हे छोटं प्रकरण वाटतं, पण कोल्हापुरात चहा मुरवायचा तर खरी परीक्षा इथेच आहे. जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की उघड्या कपाटातली चकती बुरशीने भरते. पिवळी, काळी, केसाळ बुरशी दिसली की चहा फेकायचा. तो धुऊन पिण्याच्या भानगडीत पडायचं नाही. उन्हाळ्यात उलट, चहा कोरडा पडून मुरणं थांबतं. त्यात घरात एप्रिल-मेमध्ये वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. मामींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "माझ्या चटणीच्या खोलीत हे ठेवू नगासा, नाहीतर चहालाच फोडणी बसंल."

चहा आता जाड झिपच्या पिशवीत, ओल राखणाऱ्या छोट्या पुड्यांसकट, पत्र्याच्या डब्यात आणि आतल्या खोलीत असतो. पावसाळाभर डबा उघडत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच गायवान घेऊन नमुने चाखून चहा ठरवला असता तर किटलीची घाई झालीच नसती. चांगली किटली निवडायची तर ती कोणत्या चहासाठी हे आधी माहीत असायला हवं. 88 मिलिलिटरची किटली एकट्या माणसाला ठीक होती, पण पेढीवर तीन-चार जण असतात हे पहिल्या खरेदीच्या वेळी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तारीख असलेल्या भेटीसाठी परदेशातून माल मागवणं हेही मुळात अवघड. एकसष्ठीला पाकीट देऊन किटली सावकाश शोधली असती तरी मामांना चाललं असतं. हे मामांचंच म्हणणं.

नमुन्यांबाबत एक गोष्ट निसटली. तीनही विक्रेत्यांकडून वेगवेगळे चहा मागवले गेले. एकाच वर्षाचा, एकाच कारखान्याचा चहा दोन गोदामांतला मागवून शेजारी ठेवला असता तर साठवणीचा फरक जिभेला कळला असता, आणि जुन्या चहाच्या किमतीत निम्मा भाग त्याच फरकाचा असतो.

मामांना आता 2008 च्या शंगची पूर्ण चकती हवी आहे. विक्रेत्याकडे तोच चहा कुनमिंगच्या कोरड्या हवेत ठेवलेलाही आहे, दर जरा चढा. मामांचं म्हणणं, चढा असेल तर चांगलाच असणार, घे. भाच्याने दोन्हींचे 25 ग्रॅम मागवले आहेत.